गांधीजींना ‘सर्वोदय’चा विचार देणारा माणूस आधी सुतारांना चित्रकला शिकवायचा

हल्ली शनिवार-रविवार जवळ आला की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. मोठ्यांसाठी जलरंगांचं वर्कशॉप, मातीकामाचा क्लास, लिनोकटची कार्यशाळा. अनुभवाची अट नाही, असं खाली हमखास लिहिलेलं असतं. आपण ती जाहिरात बघतो आणि पुढे सरकवतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांचं चित्रकलेशी असलेलं नातं शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपाशीच संपलेलं असतं. ज्याला ग्रेड मिळाली तो कलाकार, बाकीचे प्रेक्षक, हे तेव्हाच ठरून गेलं.

पण दिवसभर काम करून दमलेल्या मोठ्या माणसांनी संध्याकाळी चित्र काढायला बसावं, ही कल्पना आजची नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाने सुतार, कारकून आणि कारागिरांच्या हातात पेन्सिली दिल्या होत्या. त्याचं नाव जॉन रस्किन. पुढे याच माणसाचं एक पुस्तक वाचून गांधीजींचं आयुष्य बदललं.

रस्किनचा जन्म 8 फेब्रुवारी 1819 चा, लंडनमधला. वडील शेरी या मद्याचे मोठे व्यापारी, घरात पैशाला तोटा नव्हता. तो एकुलता एक. आई मात्र धार्मिक आणि कडक शिस्तीची. खेळणी जवळपास नव्हतीच. मग हा मुलगा तासन्‌तास गालिच्यावरची नक्षी न्याहाळत बसायचा. बघत बसण्याची ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

तेराव्या वर्षी त्याला एक सचित्र पुस्तक भेट मिळालं. त्यात टर्नर या चित्रकाराची चित्रं होती. रस्किन टर्नरच्या प्रेमातच पडला. 1843 मध्ये टर्नरची बाजू मांडण्यासाठी त्याने ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाचा पहिला खंड लिहिला, तेव्हा तो होता अवघा 24 वर्षांचा. पुढच्या काही वर्षांत तो इंग्लंडमधला सगळ्यात वजनदार कलासमीक्षक झाला.

नंतर तो व्हेनिसला गेला आणि तिथल्या जुन्या इमारतींवर त्याने ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातलं एक प्रकरण गॉथिक वास्तुकलेवर आहे. जुन्या चर्चमधलं कोरीवकाम ओबडधोबड दिसतं, पण ते करणाऱ्या कारागिराला स्वतःचं डोकं चालवायची मुभा होती, असं त्यात रस्किन सांगतो. नव्या कारखान्यात ती राहिली नाही. उदाहरण म्हणून तो काचेचे मणी बनवणाऱ्या मजुरांकडे बोट दाखवतो. दिवसभर काचेच्या कांड्यांचे तुकडे पाडायचे, बस्स. विचार एकाने करायचा आणि हात दुसऱ्याने चालवायचे, यात माणसाचेच तुकडे पडतात, हा त्याचा मुद्दा होता.

आता 1854 साल. रस्किनच्या घरी मोठं वादळ आलं होतं. पत्नी एफी ग्रे हिच्याशी झालेला त्याचा विवाह त्या वर्षी कायद्याने रद्द ठरला. सहा वर्षांच्या संसारात पती-पत्नीचं नातं कधी जुळलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी एफीने चित्रकार जॉन एव्हरेट मिले याच्याशी लग्न केलं. हा तोच मिले, ज्याची बाजू रस्किनने जाहीरपणे घेतली होती. लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात महिनोन्‌महिने हीच चर्चा.

त्याच वर्षी फ्रेडरिक डेनिसन मॉरिस नावाचे एक धर्मगुरू लंडनमध्ये एक वेगळं कॉलेज उघडत होते. धर्माबद्दलच्या मतांमुळे त्यांना आधीच्या कॉलेजातली नोकरी गमवावी लागली होती. आता त्यांना कामगारांसाठी शाळा काढायची होती. संध्याकाळचे वर्ग, माफक फी आणि विनामोबदला शिकवणारे शिक्षक. नाव ठेवलं वर्किंग मेन्स कॉलेज. ऑक्टोबर 1854 मध्ये ते सुरू झालं, तेव्हा आलेल्या लोकांना रस्किनचं गॉथिकवरचं प्रकरण छोट्या पुस्तिकेच्या रूपात वाटण्यात आलं. आणि रस्किनने नुसती पुस्तिका छापू देऊन हात झटकले नाहीत, तो स्वतः चित्रकला शिकवायला आला.

त्या काळात इंग्लंडमध्ये कारागिरांना चित्रकला शिकवली जात नव्हती असं नाही. सरकारी डिझाइन शाळा होत्या. पण तिथला हेतू सरळ होता, कारखान्यातला माल देखणा व्हावा आणि बाजारात खपावा. त्यामुळे विद्यार्थी महिनोन्‌महिने भौमितिक आकृत्या आणि ठरावीक नक्षी गिरवत बसायचे.

रस्किनच्या वर्गात गिरवणं जवळपास नव्हतंच. पहिल्याच दिवशी समोर यायचा एक पांढरा प्लास्टरचा गोळा. आधी बाह्यरेषा काढायची नाही. उजेड कुठे पडलाय, सावली कुठे सुरू होते आणि मध्ये ती किती हळूहळू गडद होत जाते, तेवढंच बघायचं आणि कागदावर उतरवायचं. गोळा जमला की झाडाची फांदी, पानं, दगड, पिसं. टर्नरची मूळ चित्रं आणि ड्यूररची मुद्राचित्रं तो स्वतःच्या संग्रहातून उचलून वर्गात आणायचा. ज्या गोष्टी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असायच्या, त्या इथे सुताराच्या बाकावर ठेवल्या जायच्या.

शेजारच्या वर्गात चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटी शिकवायचा. त्याची तऱ्हा उलटी. तो विद्यार्थ्यांना थेट रंग आणि माणसाचं मॉडेल द्यायचा. एकाच कॉलेजात दोन टोकं, पण दोघेही फुकट शिकवत होते.

या अनुभवातून 1857 मध्ये रस्किनने ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक लिहिलं. घरबसल्या शिकणाऱ्या नवख्या माणसासाठी. त्यातला हिशोब आजही आपल्याला धीर देईल असा आहे. रोज एक तास याप्रमाणे सहा महिने, म्हणजे साधारण 150 तास दिले, तर समोर दिसणारी गोष्ट प्रामाणिकपणे कागदावर उतरवण्याइतका हात कुणाचाही बसतो, असं तो म्हणतो.

त्यातली एक युक्ती तर आज घरी करून बघण्यासारखी आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडायचं आणि त्यातून समोरच्या वस्तूचा एक छोटा भाग बघायचा. मग लक्षात येतं की आपण हिरवं म्हणत होतो ते पान उन्हात पिवळट, जवळजवळ पांढरं दिसतंय. डोळ्यांपेक्षा आपण आठवणीवर जास्त विसंबून असतो. रस्किनला हीच सवय मोडायची होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सुतारांना चित्रकार बनवणं हा रस्किनचा उद्देश नव्हता. 1857 मध्ये सरकारी आयोगापुढे साक्ष देतानाही त्याने हेच स्पष्ट केलं. सुताराने सुतारच राहावं, पण सुतार म्हणून जास्त आनंदात जगावं. कामावर जाता-येता त्याला ढग दिसावेत, भिंतीवरचं शेवाळ दिसावं. आपली नजर आपल्या मालकीची आहे हे त्याला कळावं.

तरी काहींची आयुष्यं बदललीच. जॉर्ज ॲलन हा सुतारकाम करणारा तरुण या वर्गात आला. आधी तो उत्कीर्णनकार झाला, मग रस्किनचा मदतनीस आणि 1871 पासून रस्किनचा प्रकाशक. त्याने उभी केलेली कंपनी पुढे ‘ॲलन अँड अनविन’ झाली. ‘द हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापणारी प्रकाशन संस्था ती हीच.

दुसरा जॉन बनी, एका प्रकाशकाकडे कारकून होता. रस्किनच्या सांगण्यावरून त्याने व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चचं भव्य चित्र काढायला घेतलं. सुमारे 600 दिवस बसून 1882 मध्ये ते पुरं केलं आणि त्याच वर्षी तो गेला. विल्यम वॉर्ड हाही कारकूनच, तो टर्नरच्या चित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात वाकबगार झाला.

रस्किनने 1858 पर्यंत नियमित शिकवलं, 1860 मध्ये पुन्हा काही काळ आला आणि मग थांबला. त्याच्या डोक्यात आता दुसराच प्रश्न होता. ज्या माणसाला दिवसाचे दहा-बारा तास राबूनही पोटापुरतं मिळत नाही, त्याने ढग बघायला वेळ कुठून आणायचा?

1860 मध्ये त्याने अर्थव्यवस्थेवर चार लेख लिहिले. श्रीमंत वाचक इतके खवळले की मासिकाला ती मालिकाच बंद करावी लागली. 1862 मध्ये त्या लेखांचं पुस्तक झालं, ‘अन्टू धिस लास्ट’. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, सगळ्यांच्या भल्यात एकाचं भलं आणि श्रमाचं जगणं हेच जगण्यालायक, असं सार गांधीजींनी त्यातून काढलं. 1904 मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना मित्र हेन्री पोलॉक यांनी ते त्यांना वाचायला दिलं होतं. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. त्याच वर्षी त्यांनी फिनिक्सची वसाहत उभी केली. 1908 मध्ये त्यांनी पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. विनोबांनी पुढे देशभर पायी फिरून नेला तो हाच शब्द.

पण रस्किनला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. 1857 च्या उठावानंतर त्याने जाहीर व्याख्यानात भारतीय माणसाला क्रूर ठरवलं आणि भारतीय कलेलाही निसर्गापासून तुटलेली म्हणून झोडपलं. लंडनच्या सुतारात त्याला माणूस दिसला, भारतातल्या कारागिरात दिसला नाही. इंग्लंडने वसाहती वाढवाव्यात असंही तो ऑक्सफर्डच्या व्यासपीठावरून बोलला. बघायला शिकवणाऱ्या माणसाची नजर इथे साफ चुकली. अशा माणसाच्या पुस्तकातून गांधीजींनी नेमकं घेण्यासारखं तेवढंच घेतलं.

1864 मध्ये वडील वारले तेव्हा रस्किनच्या वाट्याला 1 लाख 20 हजार पौंड आणि बरीच मालमत्ता आली. त्यातलं बहुतेक त्याने वाटून टाकलं. गरिबांची घरं, ऑक्सफर्डमधली चित्रशाळा, शेफील्डच्या धातुकामगारांसाठी छोटंसं संग्रहालय. 1871 मध्ये त्याने ‘गिल्ड ऑफ सेंट जॉर्ज’ ही संस्था काढली.

शेवटची वर्षं मात्र अवघड गेली. 1878 मध्ये त्याचं मानसिक स्वास्थ्य पहिल्यांदा कोसळलं. त्याच वर्षी व्हिसलर या चित्रकाराने त्याच्यावर केलेला बदनामीचा खटला तो हरला, भरपाई ठरली फक्त पाव पेनी. पुढे झटके येत राहिले. शेवटची दहाएक वर्षं त्याने जवळजवळ काहीच लिहिलं नाही. 20 जानेवारी 1900 रोजी लेक डिस्ट्रिक्टमधल्या ब्रँटवूड या घरी तो गेला.

त्याच्या मृत्यूला 100 वर्षं झाली तेव्हा, 2000 साली, त्याच्याच गिल्डने ‘बिग ड्रॉ’ नावाचा चित्रकलेचा उत्सव सुरू केला. आज तो अनेक देशांत होतो. संग्रहालयं, ग्रंथालयं, बागा, जिथे जागा मिळेल तिथे लोक चित्र काढायला बसतात. आपल्याला चित्र येत नाही असं म्हणणाऱ्यांना तिथे खास बोलावणं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी तशी जाहिरात दिसली तर लगेच पुढे सरकवू नका. आणि फी परवडत नसेल तर पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा आणि खिडकीतून बाहेरचं झाड बघा. रस्किनच्या विद्यार्थ्यांची सुरुवातही अशाच साध्या गोष्टीपासून झाली होती.