सर चार्ल्स लायल

चार्ल्स लायल यांचा जन्म १७९७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते वकिली शिकले. परंतु डोळे अधू असल्याने तो व्यवसाय सोडून भूशास्त्राकडे वळले. पृथ्वीवरील खडक आकस्मिक महाउत्पातांनी घडले, असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानीत. लायल यांनी इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावरील शिंपल्यांचे थर तपासले. तेथील सर्वांत जुना चुनामय थर उष्ण समुद्रातील प्रवाळांनी रचला नव्हता. शिंपल्यांचा व इवल्या सागरी प्राण्यांच्या कवचांचा चुरा समशीतोष्ण समुद्राच्या तळाशी साचून तो बनला होता. थरांतील किती जाती अद्याप जिवंत आहेत, हे मोजून लायल यांनी १८३९ साली त्यांचा अनुक्रम ठरविला. प्रलयाने नव्हे, तर कणाकणाने भूमी घडते, हा विचार त्यांनी विरोधाला न जुमानता आयुष्यभर मांडला. १८७५ साली ते निवर्तले.