आयझॅक वॉल्टन : गळ, गांडूळ आणि नव्वद वर्षं

जॉन डन आपल्याला अभ्यासाला आहे, त्यामुळे आयझॅक वॉल्टन हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तळटीपेत वाचलं असेल. डनचा पहिला चरित्रकार, बस एवढंच. मीसुद्धा त्याला तळटीपेतच सोडून दिला असता. पण लायब्ररीत 'द कम्प्लीट अँगलर' हाताला लागलं, सहज मधलं पान उघडलं, आणि तिथे हा चरित्रकार गांडुळं कशी जपायची ते सांगत बसला होता. चांगली दोन-तीन पानं! गांडुळांवर इतक्या मायेनं लिहिणारा माणूस कोण, या कुतूहलापोटी मी त्याच्या मागे लागले.

वॉल्टनचा जन्म १५९३ सालचा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावातला. वडील खानावळवाले. तो तीन-साडेतीन वर्षांचा असताना ते गेले, आणि आईनं दुसरं लग्न केलं तेही खानावळवाल्याशीच. कॉलेजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही. पोरवयातच तो लंडनला गेला आणि कापडाच्या धंद्यात शिकाऊ म्हणून लागला. १६१८ मध्ये त्याला स्वतंत्रपणे धंदा करायचा हक्क मिळाला. गंमत म्हणजे तो कापडवाला असून सभासद झाला लोखंडवाल्यांच्या संघाचा. तिथल्या जुन्या व्यापारी संघांचा कारभार असाच असायचा.

त्या काळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉल्टन जन्मला त्याच वर्षी जॉन डनचा धाकटा भाऊ हेन्री लंडनच्या तुरुंगात तापानं मेला. गुन्हा काय, तर एका कॅथलिक धर्मगुरूला त्यानं आपल्या खोलीत लपवलं होतं. आपले फादर थॉमस स्टीफन्स याच इंग्लंडमधून निघून १५७९ मध्ये गोव्याला पोचले होते. १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेव्हा वॉल्टन तेवीस वर्षांचा होता. धर्मावरून माणसं मरत होती, देश सोडत होती, आणि जे राहिले ते जपून बोलायला शिकत होते. वॉल्टन पक्का अँग्लिकन, म्हणजे तेव्हा तरी सुरक्षित बाजूचा. पण पन्नाशीला आल्यावर तीच पाळी त्याच्यावरही येणार होती.

त्याचं दुकान फ्लीट स्ट्रीटच्या भागात होतं आणि पॅरिश होती सेंट डन्स्टन-इन-द-वेस्ट. १६२४ मध्ये तिथे व्हिकर म्हणून आला जॉन डन. कॅथलिक घरात जन्मून पुढे अँग्लिकन झालेला, मोठा कवी, मोठा प्रवचनकार. हा विद्वान आणि हा कापडवाला यांची मैत्री जमली. डन मरणापूर्वी थोडे दिवस जवळच्या मित्रांना एकेक मुद्रा देऊन गेला. तिच्यावर नांगराला खिळलेला ख्रिस्त कोरलेला होता. त्यातली एक वॉल्टनकडे आली. डनचं चरित्र खरं तर सर हेन्री वॉटन लिहिणार होते आणि वॉल्टन नुसती माहिती गोळा करून देत होता. वॉटन १६३९ च्या डिसेंबरात वारले, डनच्या प्रवचनांचा ग्रंथ छपाईला तयार होता, आणि शेवटी माहिती गोळा करणाऱ्यानंच चरित्र लिहून काढलं. १६४० साली ते प्रसिद्ध झालं. हे वॉटनसुद्धा गळाचे शौकीन, वॉल्टनचे मासेमारीतले सोबती.

आता घरातलं. १६२६ मध्ये त्याचं रेचल फ्लडशी लग्न झालं. तिला सात मुलं झाली. सातही लहानपणीच गेली. १६४० मध्ये, म्हणजे डनचं चरित्र निघालं त्याच साली, रेचलही गेली. पुढे त्यानं अ‍ॅन केनशी लग्न केलं. त्या संसारातलाही एक मुलगा तान्हेपणीच गेला, एक मुलगी आणि एक मुलगा तेवढे जगले. आठ मुलांना पुरलेला हा माणूस. त्याच्या मासेमारीच्या पुस्तकात याबद्दल एक शब्द नाही. मी शोधला.

१६४२ पासून राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध सुरू झालं. वॉल्टन राजाच्या बाजूचा. बिशप गेले, प्रार्थनेच्या पुस्तकावर बंदी आली, १६४९ मध्ये राजाचं डोकंच उडवलं गेलं. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत तरुण चार्ल्स हरून पळाला, तेव्हा त्याचं एक रत्नजडित पदक मागे राहिलं. ते लपतछपत, हातोहात पुढे गेलं, आणि या साखळीतला एक हात वॉल्टनचा होता. लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेल्या कर्नल ब्लेगपर्यंत त्यानं ते पोचवलं. पुढे ब्लेग निसटला आणि पदक राजाकडे गेलं. अठ्ठावन्न वर्षांचा शांत दुकानदार! सापडला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

आणि मग १६५३ च्या वसंतात, क्रॉमवेलनं पार्लमेंट बरखास्त केलं त्याच सुमारास, याचं पुस्तक बाजारात आलं. विषय : मासे कसे पकडावेत. किंमत दीड शिलिंग. विक्रीचं ठिकाण सेंट डन्स्टनच्याच आवारातलं दुकान.

पुस्तक म्हणजे गप्पा आहेत. मे महिन्यातल्या सकाळी टॉटनहॅमच्या चढावर वाटसरू भेटतात आणि ली नदीच्या काठाकाठानं चालता चालता जाणता मासेमार नवख्याला शिकवतो. ट्राउट हा त्यातला मानाचा मासा. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला, नजरेचा तेज आणि स्वभावानं संशयी. त्याला काठावरून पकडायचं म्हणजे आधी आपण दिसायचं नाही. वॉल्टन सांगतो, ऊन समोरून घ्या, सावली पाण्यावर पडू देऊ नका, काठापासून जमेल तितकं मागे राहा.

मग आमिष. ट्राउटला गांडूळ चालतं, पण कुठलंही नाही. एक मोठं, रात्री दवात वर येणारं. दुसरं छोटं, पट्ट्यापट्ट्यांचं, जुन्या शेणखतात किंवा चामडं कमावणाऱ्यांनी वापरून टाकलेल्या सालीत मिळणारं. खणून काढलं आणि गळाला लावलं, असं करायचं नाही. स्वच्छ धुतलेल्या, घट्ट पिळलेल्या शेवाळात ती मडक्यात ठेवायची. उन्हाळ्यात ते शेवाळ तीन-चार दिवसांनी बदलायचं. तिथे राहून गांडुळाच्या पोटातली माती निघून जाते, ते लालसर, चिवट आणि चपळ होतं, आणि पाण्यात जास्त वेळ वळवळत राहतं. मलूल दिसायला लागली तर शेवाळावर सायीचे थोडे थेंब टाकायचे. काही जण पिशवीत कापूर ठेवतात, तेही त्यानं नोंदवलंय. आमच्या घरी आजोबांना शापाय म्हणतात. ते मानशीवर गरी घेऊन बसतात आणि डब्यात सुंगटं असतात. त्यांना हे सायीचं सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या इंग्रजाकडे गाई फार असाव्यात.

गांडूळ लावायचं ते त्याच्या मधल्या भागातून गळ नेऊन, म्हणजे ते तळावरून सरळ वाहत जातं, गुंतत नाही. शिसं किती? आमिष तळाला टेकेल आणि तरीही प्रवाहाबरोबर पुढे सरकत राहील, इतकंच. मला ही सूचना सगळ्यात आवडली, कारण यात सगळी गोम आहे. जास्त शिसं लावलं की आमिष दगडासारखं एका जागी बसतं. कमी लावलं की ते वरच्यावर वाहून जातं आणि खाली दबा धरलेल्या ट्राउटला दिसतच नाही. मिनो ही बोटभर मासळी लावायची तर गळ तोंडातून घालून कल्ल्यातून काढायचा, पुन्हा तोंडातून घालून शेपटीशी बाहेर आणायचा आणि शेपूट पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची. मग प्रवाहाविरुद्ध ओढून पाहायचं. ती गरगर फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिरेपर्यंत शेपूट थोडी डावी-उजवी करायची.

दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा. केस एकमेकांत पिळून तो करायचा आणि गळाकडे केस कमी करत न्यायचे. केस काचेसारखे गोल आणि स्वच्छ हवेत, एकसारख्या जाडीचे हवेत. दोर पाण्यात दिसू नये म्हणून बिअर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी यांत तो रंगवायचा. ज्याला गळाशी एकच केस ठेवून मासा पकडता येईल त्याला मासे जास्त लागतील, असं तो सांगतो. एकच केस! आपल्याकडचं नायलॉनचं तंगूस ओढून पाहिलेल्या कुणालाही यातलं धाडस कळेल. रीळ तेव्हा ट्राउटला सहसा नसायचं, दोर काठीच्या टोकाला बांधलेला. मग मोठा मासा लागला आणि ओढायला लागला तर? वॉल्टन सरळ काठीच पाण्यात सोडून द्यायचा. मासा ती ओढत फिरतो, दमतो, आणि मग जाऊन काठी उचलायची. हे ऐकून शापाय बराच वेळ हसले.

माशीच्या गळाचा, म्हणजे पिसं आणि रेशीम बांधून केलेल्या बनावट माशीचा, वॉल्टन काही उस्ताद नव्हता, आणि त्यानं तसा आवही आणला नाही. टॉमस बार्कर नावाच्या आचाऱ्याकडून बरंच घेतलं, असं तो उघड सांगतो. मात्र १५७७ सालच्या एका निनावी पुस्तकातूनही त्यानं बरंच उचललंय, गप्पांचा साचासुद्धा, आणि त्याचं नाव तो घेत नाही. त्या काळी असं चालायचं हे खरं. तरी मला ते खटकलं. बार्करचं नाव घेता आलं, तर त्याचंही घेता आलं असतं. त्याच्याच काळातल्या रिचर्ड फ्रँकनं त्याला पुस्तकी मासेमार म्हणून झोडपलंय. आणि पुढे बायरननं त्याला क्रूर ठरवलं, कारण जिवंत बेडूक गळाला लावताना त्याच्यावर जणू प्रेम असल्यासारखं हळुवार वागावं, असा सल्ला वॉल्टन देतो.

या बेडकापाशी मी बरेच दिवस अडले होते. बायरन चुकीचा नाही. बेडकाला त्या मायेचा काय उपयोग? पण मला वाटतं, वॉल्टन ढोंगी नव्हता. त्याच्या हातांना तेवढी एकच रीत ठाऊक होती : जे हातात आहे ते जपायचं, मग ते गांडूळ असो, केसाचा दोर असो, मेलेल्या मित्राच्या आठवणी असोत की हरलेल्या राजाचं पदक. ज्यांना जपता आलं नाही त्यांच्याविषयी तो बोललाच नाही. मासेमारीचं समर्थन करताना तो आठवण देतो की येशूनं निवडलेल्या शिष्यांत चौघे कोळी होते, आणि पुस्तक संपवतो ते पॉलनं थेस्सलनीकाकरांना केलेल्या, शांतपणे राहण्याच्या उपदेशावर. चर्चला टाळं लागलेल्या माणसाची ही प्रार्थना होती, असं मला वाचताना वाटलं. तेव्हाच्या अँग्लिकन वाचकांनाही ते कळलं असणार. उघड म्हटलं असतं तर छापणं कठीण होतं.

पुस्तक मात्र त्यानं आयुष्यभर सोडलं नाही. १६५५ मध्ये वाढवलं, तेरा प्रकरणांची एकवीस झाली. हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. मध्येच १६५८ मध्ये या शांत गृहस्थानं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत कॅसोबॉन या विद्वानाच्या स्मारकावर आपली आद्याक्षरं आणि साल कोरून ठेवलं. म्हणजे आपल्या बाकांवर नावं कोरणाऱ्यांना फार थोर पूर्वज आहे! राजा परत आला तेव्हा वॉल्टन सहासष्टचा होता. दोनच वर्षांनी, १६६२ मध्ये, अ‍ॅनही गेली. त्यानंतर त्यानं हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांची चरित्रं लिहिली, शेवटचं १६७८ मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना.

पाचव्या आवृत्तीसाठी, १६७६ मध्ये, त्यानं माशीच्या गळाचा भाग चार्ल्स कॉटनकडून लिहून घेतला. कॉटन त्याच्याहून सदतीस वर्षांनी लहान, कर्जबाजारी, रंगेल कवी, पण डव्ह नदीवरच्या ट्राउटचा खरा जाणकार. वॉल्टनला तो वडील मानायचा. नदीकाठी त्यानं १६७४ मध्ये दगडी मासेमारघर बांधलं आणि दारावर दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली. आपला भाग त्यानं दहाएक दिवसांत लिहून काढला. गुरूचा एका केसाचा आग्रह त्याला पटला नव्हता. गळाशी दोन केस असावेत, पण तेवढ्यावर वीस इंची ट्राउट काढता येत नसेल तर स्वतःला मासेमार म्हणवू नये, असं त्याचं मत. वॉल्टननं ते आपल्याच पुस्तकात तसंच छापू दिलं.

शेवटची वर्षं वॉल्टन विंचेस्टरला मुलीच्या घरी राहिला. जवळून इचन नदी वाहते, ट्राउटसाठी नावाजलेली. नव्वदाव्या वाढदिवसाला, ९ ऑगस्ट १६८३ रोजी, तो मृत्युपत्र लिहायला बसला. मित्रांना अंगठ्या ठेवल्या. स्टॅफर्डजवळच्या शेताच्या उत्पन्नातून गावच्या दोन गरीब मुलांना दरवर्षी धंदा शिकायला लावावं आणि गरिबांना कोळसा द्यावा, अशी तरतूद केली. कोळसा कधी द्यायचा तेही लिहिलं : जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कारण थंडी तेव्हाच सगळ्यात जास्त बोचते. खाली डननं दिलेली ती नांगराची मुद्रा उमटवली. त्या वर्षीचा हिवाळा इंग्लंडच्या आठवणीतल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक होता. १५ डिसेंबरला तो गेला. विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलंय. वरच्या खिडकीतल्या रंगीत काचेत तो नदीकाठी झाडाखाली बसलेला दिसतो. हातात पुस्तक आहे, गळाचं सामान बाजूला ठेवलेलं.