खानखोजे आणि बिनकागदाची माणसे

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडणीची बिऱ्हाडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांची गणती हत्याराने व्हावी, यातच पुष्कळ काही आले. मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोपीत दिवस काढणाऱ्या या कुटुंबांचे मतदारयादीतले नाव गावी आणि मुलांची शाळाही गावीच राहते. ज्या फडावर ती राबतात तेथे त्यांची ओळख मुकादमाच्या वहीपलीकडे क्वचितच असते. ही तर आपल्याच देशाची माणसे. मग सरहद्द ओलांडून गेलेल्या, हाती कसलाही कागद नसलेल्या मजुराची अवस्था कशी असेल, याची कल्पना अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकास अवघड जाऊ नये. ती अवस्था जवळून पाहिलेला आणि काही अंशी भोगलेला एक मराठी माणूस होऊन गेला. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचे नाव.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. क्रांतिकार्याच्या ओढीने ते विद्यार्थिदशेतच जपानमार्गे अमेरिकेस पोचले. मिळेल ती मजुरी करीत त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला आणि शेतीशास्त्राचा अभ्यास केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी पंजाबी शेतकऱ्यांची मुले लाकूडगिरण्यांत आणि फळबागांत राबत होती. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने भारतीय गिरणीकामगारांच्या बिऱ्हाडांवर हल्ला केला आणि शेकडो लोकांना गावाबाहेर हुसकून लावले. गिरणीमालकांना स्वस्त हात हवे होते, पण त्या हातांमागची माणसे गावाला नको होती.

पुढे या भावनेला कायद्याचे कवच मिळाले. नागरिकत्वास अपात्र ठरवलेल्या परकीयांनी जमीन विकत घेऊ नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९१३ साली केला. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक प्रदेशांतून येणाऱ्या मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानण्याचे नाकारले. परिणामी आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येकांचेही ते काढून घेण्यात आले. मायदेशातून बायको आणता येईना आणि गोऱ्या स्त्रीशी विवाह कायद्यास मान्य नाही, अशा पेचात सापडलेल्या अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी इंपीरियल खोऱ्यात मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. दोघांचाही वर्ण सावळा म्हणून कचेरीतील कारकून सहसा हरकत घेत नसे! कायद्याने नाकारलेल्या दोन समाजांची ही सोयरीक अमेरिकेच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण होय.

खानखोजे या मजुरांत मिसळले, त्यांच्या संघटनेत पडले आणि १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या आद्य कार्यकर्त्यांत गणले गेले. पहिल्या महायुद्धात ते इराणात ब्रिटिशांविरुद्ध लढले. तेथे वेष बदलून, नाव बदलून वावरणे त्यांना भाग पडले. पुढे बर्लिन झाले, मॉस्को झाले. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते गुन्हेगार होते, तेव्हा त्या सरकारचे पारपत्र घेऊन घरी परतण्याचा प्रश्नच नव्हता. आयुष्याची अशी वर्षे गेल्यावर १९२४ साली त्यांनी मेक्सिकोचा रस्ता धरला. त्या देशाच्या क्रांतीतील काही मंडळींशी त्यांचा परिचय पूर्वी अमेरिकेत झालेला होता.

मेक्सिकोने त्यांना आश्रय तर दिलाच, शिवाय काम दिले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. पण त्यांचे खरे मोठेपण दिसते ते गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या मुक्त कृषिशाळांत. अक्षरओळख नसलेल्या, जमीनदारांच्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला बियाणे आणि जमीन यांचे शास्त्र शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात भाकरी वाढणारा जो पुरुष रंगवला, तो खानखोजे यांच्यावरूनच, असे सांगतात. १९३६ साली त्यांनी बेल्जियन युवती जान सिंडिक यांच्याशी विवाह केला.

त्याच दशकात मंदीच्या फेऱ्यात सापडलेली अमेरिका लक्षावधी मेक्सिकनांना गाड्यांत भरून सीमेपार धाडत होती. त्यांतील कित्येक मुले तर अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्याने तेथील नागरिक होती. १९४२ साली युद्धामुळे शेतमजुरांची टंचाई भासू लागताच तोच देश मेक्सिकोशी करार करून मजूर बोलावू लागला. तो करार १९६४ पर्यंत चालला. कराराच्या चौकटीबाहेर सीमा ओलांडणारेही त्या काळात पुष्कळ होते. त्यांना कामावर घेणारे शेतमालक होतेच. पकडले जात ते मात्र मजूर. आज अमेरिकेत ज्यांना बेकायदा म्हणून हिणवले जाते, त्यांच्या हलाखीची मुळे याच धोरणात आहेत.

खानखोजे १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या शेतीविषयक कामासाठी भारतात आले. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे उलटली होती, तरी इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच होते आणि स्वतःच्याच मायभूमीच्या दारात या वृद्ध क्रांतिकारकाला अडवण्यात आले. परकीय सत्तेने लिहिलेला कागद ती सत्ता गेल्यावरही स्वदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर प्रमाण ठरला होता. पुढे १९५५ च्या सुमारास ते नागपुरात स्थायिक झाले. १९६७ च्या जानेवारीत ते तेथेच वारले. पुढे आपल्या जिल्ह्यात, राहुरीला, कृषी विद्यापीठ उभे राहिले.