झाकणावरची बाई

मागच्या डिसेंबरात आमच्या वहिनींनी सत्तरी गाठली. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये असतो. तो येताना शँपेनची बाटली घेऊन आला. आमचं घर आता सोवळ्यातलं राहिलेलं नाही, पण पिणाऱ्यांचंही नाही. प्रत्येकानं घोटघोट चाखली, कुणी नाक मुरडलं आणि अर्धी बाटली तशीच उरली. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि नासलेल्या दुधाचा कलाकंद करणाऱ्या वहिनींना ती मोरीत ओतणं पटेना. हे बुडबुडे टिकवायचे कसे, असं त्यांनी विचारलं. माझ्या पत्नीनं कुठंतरी ऐकलं होतं, त्याप्रमाणे तिनं बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून दिला. वहिनींच्या हातात मात्र बुचावरची पत्र्याची चकती होती. तिच्यावर एका वयस्कर बाईचं चित्र. ही कोण, असं त्यांनी मला विचारलं.

मी सारं आयुष्य बँकेत काढलं, त्यातून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या बाईची गोष्ट मला दोन्ही अंगांनी प्रिय. म्हणून सांगायला बसलो.

तिचं नाव बार्ब-निकोल. १६ डिसेंबर १७७७ रोजी फ्रान्समधल्या रॅन्स गावी कापडाच्या बड्या व्यापाऱ्याच्या घरात तिचा जन्म झाला. १७९८ मध्ये फ्रान्स्वा क्लिको याच्याशी लग्न झालं. सासऱ्यांचाही धंदा कापडाचाच. वाइनचा व्यापार त्यांनी १७७२ मध्ये जोडधंदा म्हणून सुरू केला होता. फ्रान्स्वाला त्याचंच वेड. पण १८०५ मध्ये तो तापानं गेला. बार्ब-निकोल तेव्हा २७ वर्षांची, पदरात लहान मुलगी. एकुलता मुलगा गेल्यानं खचलेल्या सासऱ्यांनी धंदा गुंडाळायचं ठरवलं.

सुनेनं मात्र तो चालवायला मागितला. त्या काळी नेपोलियनच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसे. विधवेला मात्र येत असे. सासऱ्यांनी तिच्यावर पैसा लावला आणि जोडीला एक अनुभवी भागीदार दिला. चार वर्षांत धंदा काही वर आला नाही आणि १८१० मध्ये भागीदारही वेगळा झाला. तरी तिनं तो एकटीनं, स्वतःच्या नावावर चालू ठेवला. फ्रेंचमध्ये विधवेला ‘व्हव’ म्हणतात. तो शब्द तिनं लपवला नाही, पेढीच्या नावातच घातला: व्हव क्लिको.

युद्धामुळे बंदरं बंद, गिऱ्हाईक तुटलेलं. १८१४ मध्ये लढाई थांबते आहे असं दिसताच तिनं इतरांच्या आधी, गुपचूप, १०,५५० बाटल्या जहाजानं रशियाच्या दिशेनं धाडल्या. माल वाटेत जप्त झाला असता तर पेढी बुडालीच असती. तो हातोहात खपला.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. शँपेन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. त्यातून वायू तयार होतो, तसाच गाळही साठतो. गाळ काढायचा तर बाटली उघडावी लागते आणि उघडली की वायू निसटतो. म्हणजे उघडलेल्या बाटलीतले बुडबुडे राखणं हाच तर तिचा धंदा होता! १८१६ च्या सुमारास तिनं आणि तिच्या तळघरातल्या माणसांनी टेबलाला भोकं पाडून बाटल्या तोंड खाली करून ठेवल्या. त्या रोज थोड्या थोड्या फिरवल्या की काही आठवड्यांत सगळा गाळ बुचाशी जमे. बूच काढलं की आतल्या दाबानं गाळ बाहेर उडे आणि लगेच नवं बूच बसे. वाइन स्वच्छ, बुडबुडे शाबूत.

पुढे तिनं सावकारीतही हात घातला आणि तो पोळला. १८२८ मध्ये पॅरिसची एक बँक बुडाली तेव्हा तिची पेढीही जायची, पण एडवर्ड वेर्ले या कर्मचाऱ्यानं धावपळ करून ती वाचवली. तिनं त्याला पुढे भागीदार करून घेतलं. १८६६ मध्ये, ८८ व्या वर्षी, ती बूर्सोच्या आपल्या वाड्यात वारली.

चमच्याचं म्हणाल तर तो निरुपयोगी. १९९४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी चाखून पाहिलं, चमच्यानं काही फरक पडला नाही. गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, म्हणून बाटली लगेच फ्रिजमध्ये उभी ठेवावी. कडेला चिमटे असलेलं घट्ट झाकण मिळतं, ते लावलं तर दोनेक दिवस बुडबुडे राहतात. पुढे त्या साखर घालून आटवाव्यात आणि त्यात पेअरच्या फोडी शिजवाव्यात, असं पुतण्यानं सांगितलं.

सासऱ्यांचं सांगताना मात्र माझी जीभ अडखळली होती. १९८९ मध्ये माझा भाऊ गेला. त्याचा कोल्हापुरात लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, दोन कामगार, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. मी वह्या तपासल्या, उधारी मोजली आणि छापखाना विकून पैसे मुदतठेवीत ठेवायला सांगितलं. बँकेतल्या माणसाचं मत, घरात कुणी शंका घेतली नाही. त्या व्याजावर पुतण्याचं शिक्षण झालं, त्यामुळे माझा सल्ला बरोबर होता असं मी मानत आलो.

गोष्ट संपल्यावर वहिनींनी एकच विचारलं. नवरा गेल्यापासून त्या बाईचा जम बसायला किती वर्षं लागली? मी म्हटलं, नऊ. त्या थोडा वेळ चकतीकडे बघत राहिल्या. मग, भाऊजी, मी तर तुमच्याकडे दोनच मागितली होती, असं शांतपणे म्हणाल्या.

खरंच मागितली होती. मी विसरलो होतो. वहिनींनी चमचा काढून धुतला, मुलानं आणलेलं झाकण घट्ट बसवलं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायला आत गेल्या.