जोतीराव फुले आणि अमेरिकेची घटना

मोंढ्यातील जाणता व्यापारी गोणीवरील छाप पाहून सौदा करीत नाही. मूठभर माल हाती घेऊन पाहतो. जोतीराव फुले यांनी अमेरिकेच्या इतिहासाकडे याच नजरेने पाहिले, असे आम्हांस वाटते.

१८२७ साली जन्मलेल्या या माळ्याच्या मुलास पुण्यात मिशनऱ्यांच्या शाळेत शिक्षण लाभले, व विशीच्या सुमारास थॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्याच्या वाचनात आला. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढिली.

सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ साली जगास सांगणाऱ्या राष्ट्राने १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब धरिला होता! त्याचे बळही मालकांच्याच पदरी पडले. यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांस अर्पण केला, तो गुलामांच्या या मुक्ततेबद्दल. मूळच्या गोड शब्दांबद्दल नव्हे.

ते स्वतः ठेकेदार असल्यामुळे सार्वजनिक पैसा कोठून येतो व कोठे जातो, हे त्यांस ठाऊक होते. पुण्याच्या नगरपालिकेत व्हाइसरॉयच्या स्वागतखर्चास त्यांनी विरोध केला. शेतकऱ्याच्या करावर वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण चालते, हे १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडून त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १८९० साली ते निवर्तले, तोपर्यंत ती मान्य झाली नव्हती. भारताच्या राज्यघटनेत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणहक्क मूलभूत म्हणून आला तो २००२ च्या दुरुस्तीने, त्यांच्या मृत्यूनंतर ११२ वर्षांनी.