लोकमान्य टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत घालवलं, त्याचं पुढे काय झालं?

दहावीचं वर्ष सुरू झालं की बऱ्याच शाळांमध्ये पहिला बळी जातो तो पीटीच्या तासाचा. गणिताचा पोर्शन मागे राहिलाय, मग घ्या पीटीचा तास. घरीसुद्धा तेच. मैदान बंद, क्लास सुरू. एक वर्ष खेळलं नाही तर काय बिघडतं, हा त्यामागचा हिशोब.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मुलाने नेमका उलटा हिशोब मांडला होता. त्याचं नाव बाळ गंगाधर टिळक.

हुशार, पण अंगाने किरकोळ

23 जुलै 1856 ला रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. गणित आणि संस्कृत या दोन्ही विषयांत त्यांचा हात धरणारं कमीच, त्यामुळे मुलाचा अभ्यास घरातच पक्का झाला. 1866 मध्ये वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. त्यानंतर काही वर्षांतच आधी आई आणि मग 1872 मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी टिळक मॅट्रिक झाले.

1873 मध्ये ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. डोकं तल्लख होतं, पण तब्येत अगदीच तोळामासा. आपल्याला पुढे जे करायचंय ते या शरीराला झेपणार नाही, हे सोळा-सतरा वर्षांच्या टिळकांच्या लक्षात आलं.

मग त्यांनी ठरवलं, हे वर्ष शरीरासाठी. रोज तालीम, कुस्ती, नदीत तासन् तास पोहणं आणि त्याला साजेसा खुराक. वर्गातल्या अभ्यासाकडे मात्र त्यांनी जवळपास पाठच फिरवली. परिणाम व्हायचा तोच झाला. कॉलेजचं ते वर्ष वाया गेलं.

वाया गेलेल्या वर्षाचा हिशोब

मुलगा वाया गेला, असं म्हणायला लोकांना एवढं कारण पुरेसं होतं. पण पुढे काय घडलं?

त्यानंतर टिळक पुन्हा अभ्यासाला लागले. केरूनाना छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञाच्या हाताखाली शिकले आणि बीए पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. 1879 मध्ये एलएलबी झाले. 1880 च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांसोबत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' ही वर्तमानपत्रं निघाली. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

खरी परीक्षा मात्र तुरुंगात झाली. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि 22 जुलै 1908 ला सहा वर्षांची. वयाची 52 वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा एकच दिवस बाकी होता.

ही शिक्षा त्यांनी ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात भोगली. लाकडी कोठडी, भाजून काढणारा उन्हाळा आणि जोडीला मधुमेह. 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमीही त्यांना तिथेच कळली. याच कोठडीत 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं. 1914 मध्ये सुटून आल्यावर ते पुन्हा राजकारणात उतरले आणि 1 ऑगस्ट 1920 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कामात राहिले.

म्हणजे अभ्यास सोडून तालीम गाठायची?

नाही. टिळकांच्या गोष्टीतून एवढाच अर्थ काढला तर घोळ होईल.

एक तर व्यायाम म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. टिळकांनाही मधुमेह झालाच. गोपाळ गणेश आगरकर टिळकांपेक्षा फक्त नऊ दिवसांनी मोठे. दम्याने त्रस्त असलेले आगरकर 1895 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी गेले. त्यामागे आजार होता, गरिबीत काढलेलं शिक्षण होतं. दोघांच्या आयुष्यातला फरक एकट्या तालमीने पडला, असं म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे, एक वर्ष गमावणं टिळकांना परवडलं. वडिलांनी मागे पैसे ठेवले होते आणि सांभाळायला काका होते. फीसाठी शेत गहाण टाकणाऱ्या घरातला मुलगा असा जुगार खेळू शकत नाही.

तिसरं, टिळकांनी पुस्तकं कायमची बाजूला ठेवली नाहीत. ज्या शरीरावर वर्ष घालवलं, त्याच शरीराच्या जोरावर पुढे शाळा, वर्तमानपत्रं आणि ग्रंथ उभे राहिले.

प्रश्न आधी काय, हा नाहीच

टिळकांना अभ्यास किंवा व्यायाम यातलं एकच निवडावं लागलं, कारण परीक्षेत शरीराला जागाच नव्हती. ती जागा त्यांनी स्वतःचं एक वर्ष देऊन विकत घेतली.

आज परिस्थिती वेगळी आहे. वेळापत्रकात पीटीचा तास आहे. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासाचे विषय आणि खेळ यांच्यातली भिंत नको, अशी भूमिका घेतली आहे.

म्हणजे जो तास मिळवायला टिळकांना वर्ष गमवावं लागलं, तो आज मुलांना फुकट मिळालेला आहे. शाळेने फक्त तो गणिताच्या सरांना द्यायचा नाही, एवढंच.