विश्लेषण : डॉ. कोटणीस यांच्या काळात नसलेली 'जेल'ची पट्टी जखम कशी भरते?

पुणतांबा (जि. अहिल्यानगर) : गोदाकाठच्या या पट्ट्यात ऊस आहे, म्हणजे कोयता आला आणि कोयत्याबरोबर पिंढरीवरचे घावही आले. घावावर हळद दाबून माणूस पुन्हा फडात उतरतो. चिखल लागतो, जखम चिघळते. त्यात मधुमेह असेल तर गोष्ट बोट किंवा पाय कापण्यापर्यंत जाते. अशा जखमांसाठी आता जंतुरोधक हायड्रोजेलच्या पट्ट्या मिळतात. त्यांचे मोल समजून घ्यायचे तर त्या नसतानाच्या काळातील एका मराठी डॉक्टरचे आयुष्य पाहावे लागेल.

कोण होते डॉ. कोटणीस?

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चीनकडून डॉक्टरांची मागणी आली आणि काँग्रेसने १९३८ मध्ये पाच जणांचे पथक पाठवले. त्यात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि २७ वर्षांचे कोटणीस होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले. सोलापुरात वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच कळली. तरी ते आले नाहीत.

उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आठव्या रूट आर्मीबरोबर ते फिरते शल्यचिकित्सक म्हणून राबले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले.

रुग्णालयाच्या नावातच या विषयाचे मर्म आहे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच आघाडीवर होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले, जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. गोळी नाही, बॉम्ब नाही, फक्त बोटावरचा काप! त्या डोंगरात पेनिसिलिन नव्हते. ऑक्सफर्डमध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरून पाहिले गेले तेच १९४१ मध्ये. औषधांचा आणि पट्ट्यांचा तुटवडा तर कायमचाच.

मग ही पट्टी वेगळे काय करते?

कापसाची कोरडी पट्टी जखमेला चिकटते. बदलताना नवी आलेली नाजूक त्वचाही सोलून निघते. जखम ओलसर ठेवली तर त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगातून दाखवले. तोवर 'जखम वाळू द्या' हाच सल्ला होता. आपल्या घरांत तो अजूनही दिला जातो.

हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्यांचे जाळे. साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात, म्हणून जाळे पाण्यात फुगते पण विरघळत नाही. वजनाचा मोठा भाग पाणीच. त्यामुळे जखमेला गारवा मिळतो, मेलेला पापुद्रा मऊ होऊन सुटतो आणि पट्टी न ओढता निघते. याच जाळ्यात चांदीचे आयन, आयोडिन किंवा कोळंबीच्या कवचापासून काढलेले कायटोसान भरले की औषध हळूहळू जखमेवर झिरपते. गोळ्यांना दाद न देणारे जंतू वाढत असताना औषध नेमके जखमेवरच राहणे मोलाचे आहे.

मर्यादाही आहेत. फार पाझरणाऱ्या जखमेवर हे जेल चालत नाही. कडेची कातडी भिजून पांढरी पडते. ताप, पसरणारी लाली, दुर्गंधी असेल तर पट्टीच्या भरवशावर न राहता दवाखाना गाठावा. मधुमेहींनी पायाच्या जखमेवर स्वतःच्या मनाने काहीच लावू नये.

कोटणीसांचे पुढे काय झाले?

१९४१ मध्ये त्यांनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव यिनहुआ, 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. शल्यचिकित्सेवरचे पुस्तक लिहायला घेतले होते, पण अपस्माराचे झटके वाढत गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. शिजियाझुआंगच्या शहीद स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. बेथ्यून यांचीही तिथेच आहे.